ऑफिसातलं पाणीवाटप

बुधवारी सकाळी साडेदहाला मी भोसरीतल्या त्या कारखान्यात पोचलो तेव्हा फाटकाशी भरलेला टेम्पो उभा होता आणि चालकाचा दुसरा चहा चालला होता. यंत्रांचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. ऑफिसात ३५ कॉम्प्युटर आणि ५० एमबीपीएसची ब्रॉडबँड लाइन. शेडच्या पार टोकाला डिस्पॅचच्या टेबलावर बसणाऱ्या ताई ई-वे बिलाचं पान उघडायची वाट बघत होत्या. पान अर्धं यायचं आणि थांबायचं. माल गुजरातेत जायचा होता. ५०,००० रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय राज्याबाहेर नेता येत नाही, म्हणून टेम्पो जागेवर. शेवटी ताई उठल्या, मोबाइल घेऊन फाटकापर्यंत चालत गेल्या आणि स्वतःच्या डेटा पॅकवर बिल काढून आल्या. "रोजचंच आहे हो हे," त्या मला म्हणाल्या.

मालकांनी मला बोलावलं होतं ते याच तक्रारीसाठी, आणि त्यांचं निदान आधीच ठरलेलं होतं. "पोरं दिवसभर रील्स बघतात. यूट्यूब, इन्स्टाग्राम सगळं बंद करून टाका." माझ्या आधी आलेल्या माणसानं ते बंद केलंही होतं. नेट तसंच रखडत होतं.

छोट्या आणि मध्यम ऑफिसांची नेटवर्क बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. हे निदान मी पुष्कळ ठिकाणी ऐकलं आणि बहुतेक ठिकाणी ते चुकलेलं पाहिलं. चुकलं तरी त्याचा भार माणसांवर पडतो. काहीही सिद्ध न होता ३५ जण कामचुकार ठरतात. म्हणून नेट रखडलं की आधी मोजायचं आणि मग बोलायचं, एवढं पथ्य मी पाळतो.

मोजलं तेव्हा काय दिसलं? राउटरमध्ये कुठल्या यंत्राकडे किती डेटा चालला आहे याची यादी मिळते. त्या सकाळच्या यादीत करमणुकीचं काहीच नव्हतं. बहुतेक कॉम्प्युटर एकाच ठिकाणाहून विंडोजचे अपडेट ओढत होते. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या बाहेर काढते, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घड्याळाप्रमाणे सकाळी दहाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. ऑफिस बंद, कॉम्प्युटर बंद. बुधवारी सकाळी सगळे येतात, बटणं दाबतात आणि ३५ यंत्रं एकदम पाण्याला लागतात. प्रत्येकी ६०० एमबी धरले तर एकूण २१,००० एमबी. नेटचा वेग बिटांत सांगतात आणि फाइलचं वजन बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट, त्यामुळे ५० एमबीपीएसच्या लाइनमधून सेकंदाला सव्वासहा एमबीच उतरतात. भागाकार केला की ३,३६० सेकंद येतात, म्हणजे ५६ मिनिटं. तासभर सगळी लाइन अपडेटच्या तोंडी, आणि त्याच तासात ताईंना ई-वे बिल हवं.

त्या बुधवारचं कोडं सुटलं. पण ताई "रोजचंच" म्हणाल्या होत्या, आणि अपडेटचा लोंढा महिन्यातून एकदा येतो. म्हणजे अजून काहीतरी होतं. त्याकडे वळण्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण ऑफिसातल्या नेटचं सगळं वागणं तिच्यातून कळतं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी टेकडीवर लॉरेन्स बर्कली ही प्रयोगशाळा आहे आणि तिच्या पायथ्याशी विद्यापीठ. १९८६ सालच्या ऑक्टोबरात या दोन ठिकाणांमधल्या लाइनचा वेग अचानक कोसळला. अंतर जेमतेम ४०० यार्ड, हाकेच्या टप्प्यातलं. एरवी सेकंदाला ३२,००० बिट वाहून नेणारी ती वाट ४० बिटांवर आली. वेगाचा जेमतेम आठशेवा भाग शिल्लक राहिला. तार तुटलेली नव्हती, यंत्रं चालू होती, लाइन तर ओसंडून वाहत होती. पण तिच्यातून कामाचं काही पोचत नव्हतं.

कारण असं होतं. इंटरनेटवर माहिती पाकिटांच्या रूपात जाते आणि घेणारा प्रत्येक पाकिटाची पोच धाडतो. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर पाठवणारा ते हरवलं असं समजून पुन्हा पाठवतो. वाटेत गर्दी झाली की पाकिटं रांगेत अडकतात, पोच उशिरा येते. पाठवणाऱ्याला वाटतं हरवलं, तो दुसरं पाठवतो. आता रांगेत त्याच पाकिटाच्या दोन प्रती. गर्दी आणखी वाढते, पोच आणखी उशिरा येते, तिसरी प्रत निघते. सगळे असंच वागले की लाइन नकलांनी भरून जाते.

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले मायकेल कॅरल्स यांनी हे उलगडलं आणि १९८८ मध्ये त्यावरचा उपाय जाहीर केला. पाठवणाऱ्यानं सुरुवात थोडक्या पाकिटांनी करावी. पोच येत गेली तर वेग वाढवावा. पाकीट हरवलं, तर पुढे गर्दी आहे असं समजून वेग झटक्यात निम्मा करावा. कुणी सांगायला नको, कुणी पहारा करायला नको. प्रत्येक यंत्रानं आपणहून हात आखडायचा. आज तुमच्या टेबलावरचा कॉम्प्युटर, खिशातला फोन, दोघांच्याही आत हा आवर घातलेला आहे. आजचं इंटरनेट त्याच संयमावर उभं आहे. त्याचा विचार मनात आला की मला अजूनही भरून येतं.

पण या संयमात एक खोट आहे, आणि ऑफिसातल्या भांडणांचं मूळ तिच्यातच आहे. हा आवर जोडणीगणिक चालतो, माणसागणिक चालत नाही. एकाच लाइनवर सारख्या परिस्थितीत चालणाऱ्या जोडण्यांना साधारण सारखा वाटा मिळतो. ताईंचं ई-वे बिलाचं पान ही एक जोडणी. शेजारी कुणी मोठी फाइल तुकडे पाडून उतरवणारा डाउनलोड मॅनेजर लावला आणि त्यानं ३० जोडण्या उघडल्या, तर एकूण ३१ वाट्यांपैकी ३० त्याचे आणि एक ताईंचा. त्या माणसानं लबाडी केलेली नसते. त्याला हे माहीतही नसतं. वाटपाचा नियमच तसा आहे.

आपल्याकडे कालव्याच्या पाण्याचं हेच दुखणं आहे. ज्याची जमीन मोठी त्याला पाणी जास्त, आणि ज्याचं शेत चारीच्या शेवटाला त्याच्यापर्यंत पाळी येईस्तोवर पाट कोरडा. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि तिथल्या कामातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा गाभ्याचा नियम असा होता की पाणी जमिनीवर वाटायचं नाही, माणशी वाटायचं. घरातल्या प्रत्येक माणसामागे अर्ध्या एकराला पुरेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. उसासारखं पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. ज्याच्याकडे जमीन नाही त्या भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क.

नेटवर्कचं काम करणाऱ्या कुणीही हे नियम नीट समजून घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. कारण राउटरमध्ये नेमकी हीच निवड करावी लागते. वाटा जोडणीगणिक द्यायचा की माणशी? काही वर्षांपूर्वीपर्यंत माणशी वाटप करायला महागडी यंत्रं लागत. आता लिनक्सवर चालणाऱ्या साध्या राउटरमध्येही ती सोय असते. लिनक्समध्ये २०१८ मध्ये आलेली केक नावाची रांग लावायची पद्धत आधी यंत्रागणिक वाटा पाडते आणि मग त्या वाट्याच्या आत जोडण्यांची विभागणी करते. ३० जोडण्या उघडणाऱ्याला आपल्याच वाट्याचे ३० तुकडे मिळतात. ताईंचा वाटा ताईंपाशी राहतो.

इथं एक चूक फार ठिकाणी होते. ५० एमबीपीएसला ३५ ने भागून प्रत्येकाला सुमारे १.४ एमबीपीएसची पक्की मर्यादा बांधून देतात. दिसायला न्याय, पण दुपारी दीड वाजता सगळे जेवायला गेले आणि डिझाइन विभागातला एकटा माणूस ग्राहकाकडून आलेली ड्रॉइंग उतरवत बसला, तर त्यालाही १.४ च. बाकीची लाइन रिकामी. पाट भरून वाहतो आहे आणि दार बंद. हक्काचा वाटा आणि कमाल मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाट्याची खात्री हवी गर्दीच्या वेळी. गर्दी नसताना ज्याला लागेल त्याला लागेल तितकं घेऊ द्यावं. नळाचं पाणी साठवून तरी ठेवता येतं, बँडविड्थ साठत नाही. या सेकंदाला न वापरलेली पुढच्या सेकंदाला मिळत नाही.

आता "रोजचंच" काय होतं ते.

माझ्या यादीत खाली येणाऱ्या डेटाइतकंच मी वर जाणाऱ्या डेटाकडे बघतो. बहुतेक जण ते बघत नाहीत. छोट्या ऑफिसांच्या कितीतरी ब्रॉडबँड लाइनमध्ये खाली येण्याचा वेग मोठा आणि वर जाण्याचा लहान असतो. इथं वर जायला फक्त १० एमबीपीएस होते, आणि त्यातले ८ सकाळ-संध्याकाळ, रात्रंदिवस जात होते कॅमेऱ्यांना. शेडमध्ये आणि फाटकावर आठ सीसीटीव्ही कॅमेरे होते. प्रत्येकाचं चित्र सेकंदाला एक मेगाबिट या दरानं सतत क्लाउडवर चढत होतं, म्हणजे मालकांना घरी बसून फोनवर बघता यावं. उरलेल्या दोन मेगाबिटमध्ये ३५ जणांच्या मेलच्या जोडफायली, व्हॉट्सअॅप, टॅलीचा बॅकअप आणि व्हिडिओ कॉल. मी मालकांना आकडे दाखवले. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे ऊस मीच लावलाय." पाणी पंचायतीची गोष्ट मी त्यांना आदल्या चहाला सांगितली होती. आकडे पाहून आपलं मत बदलणारा माणूस भेटला की कामाला हुरूप येतो.

पण वर जाण्याची वाट भरली तर खाली येणारं पान का रखडावं? पान मागायची विनंती वर जाते आणि उतरलेल्या प्रत्येक पाकिटाची पोचही वर जाते. पोच रांगेत अडकली की पलीकडचा पाठवणारा हात आखडतो. आणि ही रांग किती लांब असते, हे समजायला जगाला बराच वेळ लागला.

२०१० च्या सुमाराला अमेरिकेतले जिम गेटिस हे जुने जाणते संगणकतज्ज्ञ घरून मोठ्या फायली दूरच्या यंत्रावर चढवत होते. तेवढ्या काळात घरातलं नेट पार मरगळलं. त्यांनी मोजलं, तर एरवी मिलिसेकंदांत येणारं उत्तर सेकंदाहूनही उशिरा येत होतं. शोध घेता घेता कळलं की मोडेम आणि राउटर बनवणाऱ्यांनी स्मृती स्वस्त झाली म्हणून आत भल्यामोठ्या रांगा बांधून ठेवल्या आहेत. हेतू चांगला होता, पाकीट हरवू नये. पण जेकबसनच्या उपायाला पाकीट हरवल्याची खूणच हवी असते. हरवलं तर गर्दी कळणार, आणि गर्दी कळली तर हात आखडला जाणार. लांबलचक रांगेत काही हरवतच नाही, सगळं फक्त थांबून राहतं. पाठवणारा बेफिकीर वेग वाढवत जातो आणि रांग फुगत जाते. गेटिस यांनी या फुगण्याला बफरब्लोट असं नाव दिलं.

आपल्या कारखान्याचा हिशेब करू. वर जायचा वेग १० एमबीपीएस, मोडेमच्या पोटात १ एमबीची रांग. ८ मेगाबिट भागिले १०, म्हणजे ०.८ सेकंद. रांग भरलेली असताना ताईंनी बटण दाबलं की त्यांची विनंती ८०० मिलिसेकंद तिष्ठत उभी, आणि एक पान उघडायला अशा कितीतरी फेऱ्या होतात. फोनवरच्या संभाषणात आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांत पोचला तर बोलणं सहज वाटतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. ८०० मिलिसेकंदांना दोघंही एकदम बोलू लागतात आणि दोघंही एकदम गप्प होतात. व्हिडिओ कॉलवर "तुमचा आवाज तुटतोय" असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा वेग पुरेसा असतो आणि दुखणं रांगेचं असतं.

याची परीक्षा कुणालाही घरबसल्या करता येईल. एका खिडकीत पिंग ही उत्तराचा वेळ मोजणारी आज्ञा चालू ठेवा, दुसरीकडे मोठी फाइल ड्राइव्हवर चढवा. उत्तराचा वेळ २० मिलिसेकंदांवरून ५०० वर उडाला, तर तुमच्याकडे हा रोग आहे. वेग तपासणाऱ्या साइटवर आकडा उत्तम येतो आणि तरी नेट चिकटतं, त्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

उपायही जेकबसन यांनीच दिला, या वेळी कॅथलीन निकोल्स यांच्या साथीनं, २०१२ मध्ये. रांगेची लांबी मोजू नका, पाकीट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजा. ठरल्याहून जास्त काळ थांबायची वेळ येत असेल तर मुद्दाम एखादं पाकीट टाकून द्या, म्हणजे पाठवणारा सावध होईल. राउटरमध्ये हे करताना एक गोष्ट पाळावी लागते. राउटरला लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी वेग सांगायचा. लाइन ५० आणि १० ची असेल तर मी ४५ आणि ९ लिहितो. लोकांना हे नुकसान वाटतं. विकत घेतलेले पाच मेगाबिट का सोडायचे? कारण त्यामुळे रांग मोडेमच्या किंवा नेट पुरवणाऱ्याच्या यंत्रात न साचता आपल्या राउटरमध्ये साचते, आणि जी रांग आपल्या दारात आहे तीच आपल्याला लावता येते. पाटकऱ्याच्या हातात दार असल्याशिवाय त्यानं पाळी कशी सांभाळायची?

एवढं झाल्यावरही शेडच्या टोकाला ताईंचं नेट कधी चाले, कधी अडे. ते दुखणं इंटरनेटचं नव्हतंच. त्यांचा कॉम्प्युटर वाय-फायवर होता, राउटर ऑफिसात, मध्ये पत्र्याची भिंत आणि लेथ मशिनांची रांग. हवेतून एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. लांबच्या कॉम्प्युटरला क्षीण सिग्नलमुळे सावकाश बोलावं लागतं, म्हणून तो हवा जास्त वेळ अडवून धरतो आणि जवळचेही रखडतात. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि औद्योगिक वसाहतीत आजूबाजूच्या गाळ्यांची वाय-फाय तिथंच गर्दी करतात. आम्ही डिस्पॅचच्या टेबलापर्यंत केबल ओढली. कामासाठी एका जागी बसणाऱ्या माणसाला केबल द्यावी आणि वाय-फाय हिंडणाऱ्यांसाठी ठेवावं, असं माझं पक्कं मत आहे.

आता बंदीकडे येतो, कारण मालकांच्या मनातून ती गेलेली नव्हती.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमाच्या डायल-अपवर, सेकंदाला ९,६०० बिट या वेगानं. सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं. २०२३ मध्ये ती व्याख्या २ एमबीपीएसवर गेली. डायल-अप आणि २५६ केबीपीएसच्या काळातल्या ऑफिसांत एका लाइनवर ५० माणसं बसत आणि मधल्या एका कॉम्प्युटरवर स्क्विड नावाचं मोफत सॉफ्टवेअर चाले. १९९६ पासून ते आहे. एकानं उघडलेलं पान ते साठवून ठेवी आणि दुसऱ्यानं मागितलं की घरातूनच देई. काय बंद ठेवायचं त्याची यादीही त्यातच. त्या दिवसांत बंदीला खरोखरीचं कारण होतं, एक गाणं उतरवलं तर मेल थांबायची.

आज दोन्ही गोष्टी बदलल्या आहेत. जवळजवळ सगळी पानं आता एचटीटीपीएसनं, म्हणजे कुलूपबंद येतात, त्यामुळे मधल्या यंत्राला ती साठवता येत नाहीत आणि वाचताही येत नाहीत. त्याला सहसा साइटचं नाव कळतं, आतला मजकूर कळत नाही. मजकूर वाचायचाच असेल तर कंपनीला प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वतःचं प्रमाणपत्र बसवून मधल्या मध्ये कुलूप उघडावं लागतं. त्यात कर्मचाऱ्याचा बँकेचा पासवर्डही कंपनीच्या यंत्रातून उघडा जातो. माझ्या मते छोट्या ऑफिसानं या वाटेला जाऊ नये. मिळणाऱ्या माहितीपेक्षा सांभाळायची जोखीम फार मोठी आहे. दुसरा बदल झाला सप्टेंबर २०१६ नंतर. जिओ आलं, मोबाइल डेटा कमालीचा स्वस्त झाला. ज्याला रील्स बघायच्या आहेत तो स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या पैशानं बघतो. ऑफिसच्या राउटरवरच्या बंदीनं त्याला काही फरक पडत नाही. फरक पडला होता त्या कारखान्यातल्या सीएनसी मशिनवरच्या मुलाला. मशिनचा नवा कंट्रोलर कसा चालवायचा याची चित्रफीत कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीनं यूट्यूबवरच टाकली होती आणि ती त्याला दिसत नव्हती.

कामात लक्ष नसणं हा प्रश्न खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तो माणसाशी बोलून सुटतो, कामाची मुदत ठरवून सुटतो. राउटरनं तो सोडवू नये. राउटरनं व्हायरस पसरवणाऱ्या आणि फसवणुकीच्या साइट अडवाव्यात. ते त्याचं काम आहे आणि ते न चुकता करावं.

पाळत ठेवण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. रुमानियात बुखारेस्टमधल्या एका खासगी कंपनीत बोग्दान बर्बुलेस्कू हे विक्री विभागातले इंजिनिअर होते. ग्राहकांना उत्तरं देण्यासाठी कंपनीच्याच सांगण्यावरून त्यांनी याहू मेसेंजरवर खातं उघडलं. २००७ च्या जुलैत कंपनीनं काही दिवस त्या खात्यावरचं संभाषण नोंदवलं. त्यांनी खासगी वापर केल्याचं नाकारलं, तेव्हा कंपनीनं ४५ पानांचा उतारा पुढे ठेवला. त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेलं अगदी खासगी बोलणं होतं. नोकरी गेली. खटला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात पोचला. तिथं आधी निकाल विरोधात गेला, आणि ५ सप्टेंबर २०१७ ला मोठ्या पीठानं ११ विरुद्ध ६ मतांनी तो फिरवला. कंपनीनं खासगी वापराला मनाई केली होती, हे न्यायालयानं मान्यच केलं. पण तुमचं संभाषण आम्ही वाचतो आहोत, मजकुरासकट वाचतो आहोत, हे आधी सांगितलं होतं का? इतकं वाचण्याचं नेमकं कारण काय? याहून कमी घुसखोरीचा मार्ग होता का? रुमानियातल्या न्यायालयांनी हे प्रश्न विचारलेच नव्हते, यावर निकाल फिरला.

हा निकाल भारतात लागू नाही. पण त्याच्या बारा दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ ला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी माहिती वापरायची मुभा आहे; ती माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही त्याच मालकावर आहे. आणि सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात, सायबर हल्ला झाला तर सहा तासांत कळवावं लागतं. म्हणजे नोंदी ठेवायच्याच आहेत. पण ठेवणं आणि वाचणं यात मोठं अंतर आहे. गल्ल्याची चावी मुनीमजींकडे असते म्हणून ते रोज कुणाकुणाच्या पाकिटात डोकावत नाहीत.

आम्ही एका पानाचा कागद केला, मराठीत. कंपनी कुठल्या यंत्राकडे किती डेटा गेला ते बघते. साइटची नावं नोंदली जातात आणि १८० दिवसांनी पुसली जातात. मजकूर वाचला जात नाही. नाव घेऊन कुणाची नोंद उघडायची असेल तर लेखी कारण लागेल, आणि ते त्या माणसाला दाखवलं जाईल. मालकांनी आधी तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं, मग थोडा विचार करून सही केली. कागद सूचना फलकावर लागला. मला त्यात आणखी एक ओळ हवी होती आणि ती मिळाली: शेडमधल्या कामगारांसाठी वेगळं वाय-फाय, ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडलेलं, लाइनचा ठरावीक भाग राखून दिलेलं. त्यांच्या नावावर कॉम्प्युटर नाही म्हणून माणशी वाटपात त्यांचा वाटाच धरलेला नव्हता. पीएफचं पासबुक बघायचं, पगाराची पावती उतरवायची, गावाकडे मुलांशी जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटं बोलायचं, यासाठी त्यांनाही नेट लागतं. नायगावच्या भूमिहीनांचा नियम इथं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

बाकीची कामं भराभर झाली. कॅमेऱ्यांचं चित्रण कारखान्यातल्याच रेकॉर्डरवर साठू लागलं आणि मालक बघायला उघडतील तेव्हाच, एका वेळी एकाच कॅमेऱ्याचं, बाहेर जाऊ लागलं. टॅलीचा बॅकअप रात्री अकरावर ढकलला. विंडोजमध्ये एका कॉम्प्युटरनं उतरवलेल्या अपडेटचे तुकडे शेजारच्यांना देण्याची सोय असते, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची. ती सगळीकडे चालू केली, म्हणजे तीच फाइल बाहेरून ३५ वेळा यायला नको. यूट्यूब उघडलं. लाइन तीच ठेवली, ५० आणि १० ची. मालक दुप्पट वेगाची घ्यायला तयार होते, मी तीन महिने थांबायला सांगितलं.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारानंतरच्या बुधवारी मी सकाळी नऊलाच जाऊन बसलो. साडेनऊला कॉम्प्युटर चालू झाले आणि राउटरच्या आलेखावर अपडेटचा डोंगर उभा राहिला, पूर्वीपेक्षा बुटका. पिंग ३० मिलिसेकंदांच्या आसपास हलत होतं. दहाच्या सुमाराला मी शेडच्या टोकाला गेलो. टेम्पो भरत होते. ताईंनी गाडीचा नंबर घातला, बटण दाबलं आणि प्रिंटरकडे हात नेला. त्या पानाचं वजन मी नंतर मोजलं. एका फोटोइतकंही नव्हतं.